पोट पाण्यात हवे: ट्राउटसाठी फोमचा नाकतोडा कसा बांधावा

चवथीच्या आधी माटोळीचे सामान आणायला रानात शिरले की पावलागणिक नाकतोडे उडतात. कुणी हिरवा, कुणी करडा, कुणी वाळक्या गवताच्या रंगाचा. त्यातला एक अलगद पकडा, झाकणाला भोके पाडलेल्या बरणीत घाला आणि घरी न्या. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा गरवायला फोमचा हॉपर, म्हणजे गळावरचा खोटा नाकतोडा, बांधायचा असेल तर सुरुवात इथून करा. गळ, दोरा, फोम यांची वेळ नंतर येते.

घरी काचेच्या पसरट भांड्यात चार बोटे पाणी घ्या, नाकतोडा त्यात सोडा आणि अर्धा मिनिट नुसते बघत बसा. तो तरंगतो, पण होडीसारखा पाण्यावर बसून नव्हे. पोट पाण्यात बुडालेले असते, पाठ तेवढी कोरडी राहते. मागचे दोन लांब पाय तो एकदम झाडतो, थांबतो, पुन्हा झाडतो. प्रत्येक झटक्याला पाण्यावर एक लहानसे वलय उठते आणि तो बोटभर पुढे सरकतो. आता भांडे उचलून त्याच्या बुडाकडून वर बघा. पाठीचा तो सुंदर हिरवा रंग कुठेच दिसत नाही. दिसते ते फिकट पोट, अंगाची लांबट सावली आणि पाय टेकलेत तिथे पाण्याला पडलेले खळगे. खालून वर बघणाऱ्या माशाला एवढेच दिसते. हे चित्र मनात पक्के करा आणि नाकतोड्याला अंगणातल्या गवतावर सोडून द्या.

मी हे उशिरा शिकलो. पहिल्या वर्षी बांधलेले माझे हॉपर दिसायला देखणे होते. दुहेरी फोम, भरघोस पंख, रंगवलेली पाठ, डोळेसुद्धा काढले होते. हिमाचलात तीर्थन नदीवर एका खडकाआडून ब्राउन ट्राउट वर आला, माझ्या फ्लायच्या, म्हणजे किड्यासारख्या त्या खोट्या आमिषाच्या, खाली हातभर अंतर तसाच प्रवाहाबरोबर मागे सरकत राहिला, नाक अगदी जवळ नेले आणि वळून तळाशी गेला. त्या दुपारी तीन वेळा असेच झाले. गोव्यात परतल्यावर तोच फ्लाय मी आमच्या गावच्या खाजनातल्या मानशीवर, म्हणजे बांधाच्या पाणदारापाशी, घेऊन गेलो. तिथे जाळे लावणाऱ्या काकांनी जन्मात ट्राउट पाहिलेला नाही. त्यांनी फ्लाय तळहातावर उलटासुलटा करून बघितला, पाण्यात टाकला, थोडा वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "ह्याचें पोट उदकांत ना रे."

"म्हणजे कसे, काका?"

"नाकतोडो पडलो काय भिजता. हो भिजलोच ना."

खरा नाकतोडा पाण्यात पडला की भिजतो, माझा भिजलाच नव्हता. त्यानंतर मी बांधलेला प्रत्येक हॉपर या एका वाक्यावर तपासला आहे. पुढे जे सांगतो आहे ते सगळे त्यासाठीच आहे: फोम तरंगवण्यापुरता, आणि पोट पाण्यात.

नाकतोड्याचा हंगाम

गोव्यात ट्राउट नाही. त्याला थंड, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाण्याचे तापमान २० अंशांच्या वर चढू लागले की तो खाणे सोडतो आणि हैराण होतो. म्हादईचे पाणी कितीही निर्मळ असले तरी त्याला ते सोसणार नाही. भारतातसुद्धा तो बाहेरून आला. इंग्रजांनी अंडी आणून काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास तो वाढवला, १९०९ मध्ये तो कुल्लूच्या खोऱ्यात पोचला, दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच डोंगरांतही रुजला. आम्हाला सोयीची वाट म्हणजे मडगावहून चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती. तिथून कुल्लूच्या बसने औटपर्यंत आणि पुढे बंजारकडे वळले की तीर्थनचे खोरे लागते.

हिमाचलच्या ट्राउट नद्यांत १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. उरलेल्या महिन्यांत मत्स्य विभागाचा परवाना लागतो. कुठल्या पट्ट्यात गळ टाकता येतो ते परवाना घेतानाच विचारून घ्या. जुलै-ऑगस्टात पाऊस नदी गढूळ करतो. नाकतोड्यांचे खरे दिवस सप्टेंबर आणि ऑक्टोबर. पाणी निवळलेले असते आणि गावागावांत बायका हिवाळ्याचा चारा म्हणून उतारावरचे गवत कापत असतात. विळा पुढे सरकतो तसे नाकतोडे उडतात, दुपारचा वारा त्यांना नदीत नेऊन टाकतो आणि काठालगतचे ट्राउट तोंड वर करून वाट बघत राहतात. सकाळी दहाच्या आत हॉपर टाकून फारसे हाती लागत नाही. ऊन चढून गवत सुकले, नाकतोड्यांच्या अंगात ऊब आली की त्यांची उडी सुरू होते.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि बाहेर धो-धो पाऊस. बांधायला बसायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

सामान

गळ १० नंबरचा घ्या, लांब दांड्याचा, पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायसाठी असतो तसा बारीक तारेचा. डब्यावर "टू एक्स लाँग" असे लिहिलेले असते. ८ नंबर मोठ्या नदीला ठीक, १२ नंबर ओढ्याला. शिकायला मात्र १० नंबरच बरा. आपल्या गरीचा जाड, जस्ताचा मुलामा दिलेला खाऱ्या पाण्याचा गळ इथे उपयोगाचा नाही. तो शेपटीकडून फ्लायला खाली ओढतो.

फोम म्हणजे मुलांच्या शाळेच्या प्रकल्पाला लागते ती इव्हीए फोम शीट, २ मिलिमीटर जाडीची. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. विकत घेण्याआधी नखाने दाबून बघा. खूण लगेच भरून आली तर फोम चांगला. खळगा तसाच राहिला तर तो दोऱ्याखाली चिरडेल आणि दुसऱ्याच दिवशी पाणी पिऊ लागेल. रंग तीन पुरेत: वाळक्या गवताचा, ऑलिव्ह हिरवा आणि फिकट पिवळा. रंगात फार जीव अडकवू नका. पाठ तुम्हाला दिसते, माशाला नाही.

दोरा हा सगळ्यात नाजूक मुद्दा. फ्लाय बांधायचा १४० डेनियरचा चपटा दोरा मिळाला तर उत्तम. नाही तर भरतकामाच्या मशीनचा पॉलिस्टर दोरा घ्या. रेयॉनचा घेऊ नका, तो ओला झाला की कमजोर पडतो. शिलाईचा पिळदार दोरा फोमला सुरीसारखा कापतो. चपटा दोरा रुंद पट्ट्यासारखा बसतो आणि नुसता दाबतो. बांधता बांधता चपट्या दोऱ्यालाही पीळ भरतो, म्हणून मधून मधून बॉबिन, म्हणजे दोऱ्याचे रीळ धरणारे हत्यार, लोंबकळत सोडून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवा. दोरा पुन्हा पसरलेला डोळ्यांना दिसेल.

पोटासाठी फिकट पिवळी किंवा मळकट पांढरी लोकर, बोटांनी पिंजून केलेली. पायांसाठी बारीक गोल इलॅस्टिक, मण्यांच्या माळा ओवायला मिळते तसले, किंवा फ्लायसाठी विकतात ते रबरी पाय. रबरबँड चिरूनही पाय होतात, पण ते उन्हात महिन्याभरात चिकट होऊन तुटतात. पंखांसाठी टीव्ही-मिक्सरच्या खोक्यात गुंडाळलेला पांढरा, पातळ पॅकिंगचा फोम जपून ठेवा.

परदेशातल्या बहुतेक कृतींत इथे हरणाचे केस सांगितलेले असतात. ते टाळा. चितळ, सांबर ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित जनावरे आहेत, त्यांचे केस-कातडे बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. आणि नाकतोड्याला त्या केसांची गरजही नाही. पातळ फोमचा पंख तितकाच तरंगतो आणि लांबून जास्त चांगला दिसतो.

याशिवाय गळ धरायचा व्हाइस, बॉबिन, टोकदार कात्री, फेव्हिक्विक, एक जाडसर सुई आणि काळा-तपकिरी परमनंट मार्कर. व्हिप फिनिशचे, म्हणजे दोऱ्याची शेवटची गाठ मारायचे, हत्यार नसेल तर हातानेही ती मारता येते. व्हाइस मात्र हवाच. दोन्ही हात मोकळे नसतील तर फोम नीट बसत नाही.

पट्टी कापणे

फोमची पट्टी साडेपाच मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर लांब कापा. मोजपट्टी आणि धारदार ब्लेडने एका ओढीत कापायची, कात्रीने करकरून नाही. रुंदीचे गणित सोपे आहे: पट्टी गळाच्या तोंडापेक्षा, म्हणजे दांडा आणि टोक यांतल्या अंतरापेक्षा रुंद नको. दोऱ्याखाली पट्टी दांड्याभोवती खाली वळते. ती रुंद असली तर गळाचे तोंड भरून जाते, मासा फ्लाय तोंडात घेतो आणि टोक रुतायच्या आत सोडूनही देतो.

पट्टीचे एक टोक कात्रीने गोलसर निमुळते करा. हे शेपटीकडचे. दुसरे टोक चौकोनीच राहू द्या.

थर एकच. दोन थर चिकटवून केलेला हॉपर दिसतो भरीव, पण १० नंबरच्या गळावर तो बुचासारखा पाण्यावर बसतो आणि आपण पुन्हा मानशीवरच्या त्या वाक्यापाशी येतो. ८ नंबरच्या गळावर, किंवा हॉपरखाली जड निम्फ (पाण्याखाली बुडणारा फ्लाय) लटकवायचा असेल तेव्हाच दोन थर. ते चिकटवायला चपला दुरुस्त करणारे वापरतात ते रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासे झाले की दाबून बसवा. फेव्हिक्विकने चिकटवलेले थर काठीसारखे ताठ होतात.

बांधणी

सर्वात आधी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. दाबताना कधी कधी गळ मोडतो, आणि तो बांधणी होण्याआधी मोडलेला बरा. शिवाय मासा सोडून द्यायचा असतो, काटा नसला तर गळ चटकन निघतो. मग गळ व्हाइसमध्ये असा पकडा की दांडा जमिनीला समांतर राहील.

नेढ्याच्या मागे तीन मिलिमीटरवर दोरा सुरू करा आणि वेढे घेत मागे वाकापर्यंत, म्हणजे काटा होता त्याच्या वरच्या जागेपर्यंत न्या. तिथून मोकळे तिरके वेढे घेत पुढे आणि पुन्हा मागे या. दांड्यावर दोऱ्याची खरखरीत जाळी तयार होते, त्यामुळे फोम गरगर फिरत नाही. सुईच्या टोकावर फेव्हिक्विकचा थेंब घेऊन ही जाळी हलकी ओली करा. दोरा आता वाकाशी लोंबतो आहे.

पट्टी दांड्यावर ठेवा, निमुळते टोक वाकाच्या मागे सहा-सात मिलिमीटर जाऊ द्या. आता डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत फोम आणि दांडा दोन्ही एकत्र धरा. पहिले दोन वेढे नुसते ठेवल्यासारखे घ्या, ओढू नका. तिसरा वेढा फोमच्या माथ्यावरून पलीकडे उतरला की बॉबिन सरळ खाली ओढा. अंगाकडे ओढलात तर फोम सोबत फिरतो आणि नाकतोडा कुशीवर पडतो. त्याच जागेवर आणखी दोन वेढे. किती घट्ट? फोम दोऱ्याखाली निम्म्या जाडीचा व्हावा, आणि दोरा वरून दिसत राहावा. दोरा फोमच्या आत रुतून दिसेनासा झाला तर तो कापला गेला आहे. सोडा आणि नव्या पट्टीने परत करा, कारण असा हॉपर पहिल्याच माशाला दोन तुकडे होतो. ही चिमटी आणि ही ओढ साधली की बाकीचे काम सोपे आहे. मी शिकताना याच एका गाठीवर एक अख्खी शीट संपवली, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

आता फोमचा पुढचा भाग उचलून मागे दुमडा. दोरा दांड्यावरच राहील. पिंजलेल्या लोकरीचे चिमूटभर तंतू दोऱ्यावर एकाच दिशेने पीळ देत चिकटवा, उदबत्तीच्या काडीइतके बारीक. जाडजूड वळकटी केलीत तर पोट ढब्बू होते. या लोकरीचे वेढे दांड्यावर घेत पाच मिलिमीटर पुढे या. लोकर संपली, दोरा उघडा झाला की फोम पुन्हा खाली आणा आणि तिथे चार वेढे घ्या, पहिल्यासारखेच. फोम ताणून आणू नका, नुसता टेकवा. ताणलेला फोम नंतर आखडतो आणि शेपूट वर उचलली जाते.

पुन्हा फोम उचला, लोकर घ्या, पुढे या, फोम बांधा. तिसरी बांधणी नेढ्यापासून साडेचार-पाच मिलिमीटर मागे यायला हवी. वरून बघितले तर पोटाचे कप्पे दिसतात, मागचा लहान, पुढचा किंचित मोठा. खालून बघितले तर दांड्यावर लोकरीचे फिकट पोट. हीच लोकर पाणी पिऊन पोट खाली धरते, वरचा फोम पाठ वर धरतो. या दोघांची ओढाताण जमली की फ्लाय नाकतोड्यासारखा बसतो.

पंख म्हणजे पॅकिंग फोमचा पानाच्या आकाराचा एक तुकडा, चार मिलिमीटर रुंद, शेपटीच्या टोकापर्यंत पोचेल एवढा. तिसऱ्या बांधणीवर तो दोन-तीन वेढ्यांनी धरा. त्याच जागी वर नारिंगी फोमचा तीन मिलिमीटरचा चौकोन बांधून टाका. तो माशासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. संध्याकाळी उन्हाची तिरीप पाण्यावर आली की करडा हॉपर दिसेनासा होतो, नारिंगी ठिपका मात्र दिसत राहतो.

पाय

पायांवर वेळ घाला. आठ सेंटिमीटरच्या इलॅस्टिकच्या मधोमध एक साधी गाठ मारा आणि सुई गाठीत ठेवून ती हवी तिथे सरकवत घट्ट करा. गाठ पडली की इलॅस्टिक तिथे कोनात वाकते, तोच नाकतोड्याचा गुडघा. असे दोन पाय करा. मार्करने मांडीवर दोन-तीन काळसर पट्टे ओढा, ते वाळू द्या.

पाय तिसऱ्या बांधणीवर एका एका बाजूला धरायचे. आपल्या बाजूचा पाय एका वेढ्याने धरा, सोडून बघा. गुडघा पाठीच्या रेषेपेक्षा थोडा वर आणि शेपटीच्या जरा अलीकडे आला पाहिजे, पावलाचा भाग शेपटीच्या मागे लोंबला पाहिजे. जागा पटली की दुसरा वेढा. पलीकडचाही तसाच. पाय बाजूला पसरलेले हवेत, अंगाला चिकटलेले नकोत. ते तराफ्याच्या आडव्या बांबूंसारखे काम करतात, फ्लाय पालथा होऊ देत नाहीत. पुढच्या पायांसाठी बिनगाठीच्या इलॅस्टिकचा एकेक छोटा तुकडा त्याच जागी दोन्हीकडे धरला की फुलीसारखे पसरतात.

पाय आत्ताच आखूड करू नका. बांधताना लांब असलेले बरे, सगळे झाल्यावर एकदाच कापायचे.

शेवट

पुढचा फोम उचलून धरा, गळ्याखाली लोकरीचे दोन वेढे घ्या आणि उघडा दोरा फोमच्या खालून नेढ्याच्या लगेच मागे आणा. तिथे दांड्यावर पाच वेढ्यांची व्हिप फिनिश गाठ मारा, दोरा कापा, सुईच्या टोकाने गाठीवर फेव्हिक्विकचा बारीक थेंब. नेढ्यात गोंद गेला तर तो ओला असतानाच सुई आरपार काढा. नदीकाठी गार पडलेल्या बोटांनी बुजलेले नेढे साफ करत बसणे फार जिवावर येते. तिसऱ्या बांधणीच्या खालच्या बाजूलाही एक थेंब द्या, म्हणजे पाय फिरणार नाहीत.

आता डोके. फोम नेढ्याच्या पुढे दोन मिलिमीटर ठेवून कापा. बरणीतला नाकतोडा आठवा: त्याचा चेहरा घोड्यासारखा वरून खाली मागे उतरतो. कात्री तशीच तिरकी धरून कापा आणि वरचे दोन कोपरे किंचित उडवा. नेढे खालून मोकळे दिसायला हवे. डोळे रंगवायची हौस असेल तर रंगवा, माशाला त्याचे काही नाही. शेवटी पाय कापा: मागचे पाऊल गुडघ्यापासून दीड सेंटिमीटर, पुढचे पाय गळाच्या टोकापर्यंत.

पहिल्या हॉपरला तास लागेल. दहाव्याला पाऊण तास वाचलेला असेल.

पाण्याची परीक्षा

बादली भरून घ्या. हॉपर छातीच्या उंचीवरून पाण्यात टाका, दहा वेळा. आठ वेळा तरी तो पोटावर पडला पाहिजे. मग त्याला मिनिटभर पाण्यात भिजू द्या, बोटांनी लोकर चेपा, आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणून बाजूने बघा. पाण्याची रेषा फोमच्या खालच्या कडेला लागलेली हवी. लोकर पूर्ण पाण्यात, पाय पाण्यावर टेकलेले, पाठ कोरडी. लोकर पाण्याच्या वर दिसत असेल तर फोम जास्त झाला आहे. कात्रीने शेपूट आणि दोन्ही कडा अर्धा-अर्धा मिलिमीटर छाटा आणि परत टाका. फ्लाय कुशीवर पडत असेल तर फोम दांड्याच्या मधोमध नाही किंवा पंख फार रुंद आहे. शेपूट बुडून तोंड वर येत असेल तर गळ जड आहे.

हे सगळे घरी करायचे. बारा तासांच्या प्रवासाची गोष्ट नाही ही, दोन-अडीच दिवस जातात. तिथे पोचून डबी उघडावी आणि सगळे हॉपर पालथे पडावेत, याचे दुःख फार असते.

आपल्या भागातच त्याला खऱ्या माशापुढे ठेवायचा असेल तर सत्तरीतल्या व्हाळांमध्ये काठच्या झाडांवरून पडणारे किडे टिपणारे छोटे मासे असतात. त्यांच्या तोंडात १० नंबरचा गळ मावत नाही, पण ते येऊन पाय ओढतात, ढुशा देतात. ढुशा मिळाल्या की समजा बसणी जमली. अभयारण्याची हद्द मात्र टाळा.

पावसाळी हवेतली बांधणी

जून-जुलैची आपली हवा बांधणाऱ्याची परीक्षा बघते. फेव्हिक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात तो झटकन धरतो आणि जास्त झाला तर भोवती पांढरी भुकटी उठते. नळीतून थेट कधीच लावू नका, नेहमी सुईच्या टोकाने. उघडलेली नळी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या पुड्या वर्षभर जमवा. गळांचा डबाही त्याच पुड्यांबरोबर. उघड्या टेबलावर आठवडाभर राहिलेल्या गळाच्या नेढ्याला गंज चढतो, आणि टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक दोरा, तिथेच तुटते. इलॅस्टिक आणि फोम डांबरगोळ्यांजवळ ठेवू नका, दोन्ही मऊ पडतात.

नदीवर

चार किंवा पाच वेटचा (दोरीच्या वजनाचा नंबर) रॉड, नऊ फुटांचा लीडर, म्हणजे दोरीपुढचा निमुळता दोरा, टिपेट थ्री एक्स, म्हणजे ०.२० मिलिमीटर. यापेक्षा बारीक टिपेट घेतलेत तर हॉपर हवेत फिरून त्याला पीळ घालतो. काठापासून हातभर अंतरावर, जिथे गवत पाण्यावर झुकले आहे, तिथे फ्लाय टाका. मेफ्लाय या नाजूक किड्यासारखा पिसाच्या हलकेपणाने उतरवायची गरज नाही. खरा नाकतोडा टपकन पडतो, तुमचाही पडू द्या. पडला की तीन-चार सेकंद काही करू नका. मग दोरीला बोटभर झटका द्या, थांबा, पुन्हा एक. भांड्यात बघितलेले तेच झाडणे आणि थांबणे. फ्लाय प्रवाहाच्या आडवा ओढला जाऊ लागला तर लगेच उचला, असा घसटत जाणारा नाकतोडा ट्राउट घेत नाही.

मासा वर आला की हात आवरणे सगळ्यात अवघड. मोठा ब्राउन ट्राउट सावकाश येतो, तोंड उघडतो, फ्लाय आत घेतो आणि डोके खाली करतो. डोके खाली गेल्यावरच रॉड उचला. शिडकावा दिसताच ओढलात तर त्याच्या तोंडातून फ्लाय काढून घ्याल.

दुपारनंतर मासे वर येईनासे झाले तर हॉपरच्या गळाच्या वाकाला दीड-दोन फूट टिपेट बांधून खाली छोटा निम्फ लटकवा. हॉपर तेव्हा तरंगत्या खुणेचे काम करतो. तो थबकला किंवा बुडाला की रॉड उचलायचा. हाच तो प्रसंग जिथे दोन थरांचा फोम कामाला येतो.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, पाण्यातच धरून गळ काढा, आणि त्याने स्वतःहून शेपूट हलवेपर्यंत तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा. प्रत्येक माशानंतर हॉपर पाण्यात खळबळून चिकटा काढा, फोम दोन बोटांत दाबून पाणी काढा. लोकर पिळू नका, ती ओलीच हवी. संध्याकाळी फ्लाय डबीत लगेच बंद करू नका. टोपीला टोचून रात्रभर वाळू द्या, आणि सकाळी पायांच्या गाठी बघा, सैल झाली असेल तर तो पाय त्याच दिवशी बदला.